मुंबईला येताय? खोताची वाडी ते चैत्यभूमी : एका दिवसाची वाट

दरवर्षी ६ डिसेंबरला लाखो अनुयायी दादरला येतात, चैत्यभूमीला अभिवादन करतात, शिवाजी पार्कवर पुस्तके घेतात आणि रात्रीच्या गाडीने परततात. बाहेरगावच्या अनेक तरुणांची मुंबई तेवढ्यावरच संपते. बाबासाहेब या शहरात राहिले, शिकले, लढले. त्या खुणा पाहण्यासाठी गर्दीचा काळ सोडून एक दिवस वेगळा काढा. रविवार निवडला तर मेगाब्लॉक आहे का, ते आधी पाहा.

गिरगाव : खोताची वाडी

पश्चिम रेल्वेच्या स्लो लोकलने चर्नी रोडला उतरा आणि पूर्वेला गिरगावात चालत जा. अरुंद गल्ल्या, लाकडी जिने, व्हरांड्यांची जुनी घरे. इथे ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबे पिढ्यानपिढ्या राहतात. वाडीचे नाव दादोबा वामन खोत यांच्यावरून पडल्याचे सांगतात.

‘खोत’ हा शब्द आपल्या चळवळीला नवा नाही. कोकणात खोत सारावसुली करत आणि कुळांना नाडत. ही पद्धत मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी कायदेमंडळात विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर धडकला. गिरगावच्या वाडीचा त्या जुलमाशी संबंध जोडू नये. पण इथे उभे राहून हा इतिहास सोबत्यांना जरूर सांगावा.

परळ : बीआयटी चाळ

चर्नी रोडहून स्लो लोकलनेच प्रभादेवीला या आणि पादचारी पुलाने परळ बाजूला उतरा. २०१७ मध्ये इथल्याच जुन्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन वीसहून अधिक माणसे गेली. म्हणून सकाळ-संध्याकाळची कार्यालयीन गर्दी टाळा, पुलावर थांबू नका. पुढे पोयबावडीची बीआयटी चाळ विचारा. प्लेगच्या साथीनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सुधार ट्रस्टच्या या चाळीत ५० आणि ५१ क्रमांकाच्या खोल्यांत बाबासाहेबांचे कुटुंब १९१२ पासून सुमारे दोन दशके राहिले. महाडचा सत्याग्रह आणि गोलमेज परिषद याच काळातली.

दादर : राजगृह आणि चैत्यभूमी

दादरला पूर्व-पश्चिमचा घोळ होतो. राजगृह पूर्वेला हिंदू कॉलनीत, चैत्यभूमी पश्चिमेला समुद्राकाठी. फलाटांचे आकडे आता सलग आहेत : १ ते ७ पश्चिम रेल्वे, ८ ते १४ मध्य रेल्वे. जुनी माहिती सांगणाऱ्यावर विसंबू नका. राजगृह बाबासाहेबांनी ग्रंथांसाठी बांधले; पाहण्याची वेळ आधी विचारून घ्या. ७ डिसेंबर १९५६ रोजी जिथे अंत्यसंस्कार झाले, त्या चैत्यभूमीवर सूर्यास्ताच्या आधी पोहोचा.

पाहुण्याने पाळायचे

वाडी, चाळ आणि राजगृह, तिन्ही ठिकाणी माणसे राहतात. दारात सेल्फी, खिडकीतून डोकावणे, दुपारी मोठ्याने घोषणा नकोत. फोटोआधी परवानगी घ्या. चाळीत घोळक्याने न जाता चार-पाच जण जा.

खोताच्या वाडीतली जुनी घरे एकेक करून पडत गेली. तरीही ती शहराला ठाऊक आहे, कारण रहिवाशांनी तिची गोष्ट सांगत राहून बिल्डरांशी झुंज दिली. चाळीतल्या दोन खोल्यांची गोष्ट सांगायची जबाबदारी आपली आहे. परत गेल्यावर आपल्या विहारात निदान दहा मुलांना ही वाट सांगा आणि पुढच्या खेपेला त्यांना सोबत आणा.

जय भीम!