लोणारचं वय किती?

आधीच सांगून टाकतो. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेला. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत माझी अजूनही गल्लत होते. तेव्हा चुका पोटात घाला.

सातवीत असताना आबाजींबरोबर अकोल्याहून मेहकरमार्गे लोणारला गेलो होतो. काठावर उभं राहिलं की छातीत धस्स होतं. सुमारे १.८ किलोमीटर रुंद गोल वाटी, काठापासून तळ दीडशे मीटर खाली आणि मधे खारं, हिरवट पाणी. आबाजी लवणासुराची गोष्ट सांगू लागले. विष्णूने दैत्यसूदन होऊन त्याला मारलं आणि तिथेच हे सरोवर झालं. मी मधेच शहाणपणा केला, "आबाजी, इथे उल्का पडली होती. फिफ्टी टू थाउजंड इयर्स अगो."

"फिफ्टी टू म्हंजे किती?"

मी बोटं मोजत बसलो. आबाजी हसले. "आमाले शाळेत मास्तरनं ज्वालामुखी सांगतला होता. तू उल्का सांगून रायला. उद्या तुहं पोरगं काय सांगन?"

"नाही आबाजी, आता फायनल झालं!"

हे 'फायनल' मला गेल्या सेमिस्टरला महागात पडलं. सबमिशन टाळण्यासाठी माणूस काहीही वाचतो. मी लोणार वाचत सुटलो.

१८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या सरोवराची नोंद केली. पुढच्या भूशास्त्रज्ञांनी ज्वालामुखीवर बोट ठेवलं, आणि त्यात मूर्खपणा काहीच नव्हता. आपल्या वऱ्हाडच्या काळ्या मातीखालचा बेसाल्ट हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा थंड झालेला लाव्हाच आहे. लाव्ह्याच्या खडकात गोल खड्डा दिसला तर तुम्ही-आम्ही काय म्हटलं असतं? शिवाय आकाशातून दगड पडतात हेच विद्वानांना नुकतं पटलं होतं. १८०३ साली फ्रान्समधल्या लेगल गावाजवळ भरदिवसा हजारो दगड कोसळले, बियो नावाचा शास्त्रज्ञ चौकशी करून आला, तेव्हा कुठे विश्वास बसला. तोपर्यंत असं सांगणारे शेतकरी अडाणी ठरत होते!

पण दगड पडणं वेगळं आणि दगडाने एवढा खड्डा करणं वेगळं. चंद्रावरचे खड्डेसुद्धा ज्वालामुखीचेच, असं बहुतेकांचं मत होतं. अमेरिकेत ॲरिझोनात असाच एक खड्डा आहे. १८९६ साली गिल्बर्ट या नामांकित भूशास्त्रज्ञाने तो जमिनीखालच्या वाफेच्या स्फोटाने झाला असं ठरवलं, आणि तुलनेला घेतलं आपलं लोणार! पुढे १९०३ पासून बॅरिंजर नावाच्या खाणवाल्या इंजिनिअरने 'ही उल्काच' म्हणत तिथे लोखंडासाठी खोदकाम केलं. त्यात त्याचे पैसे बुडाले, कारण एवढ्या वेगाने आदळलेला दगड बहुतांशी उरतच नाही. त्याचा मुद्दा मात्र बरोबर निघाला. १९६० साली शूमेकरने तिथे प्रचंड दाबाखालीच बनणारं खनिज दाखवलं.

लोणारचा निकाल १९७३ चा. सरोवराच्या तळात बोअर घेतले, तेव्हा गाळाखालच्या खडकात मास्केलिनाइट सापडलं. म्हणजे फेल्डस्पारचा स्फटिक, जो न वितळता, आकार तसाच ठेवून काच झालेला आहे. त्याला क्षणार्धात लाखो वातावरणांइतका दाब लागतो. ज्वालामुखीला ते जमत नाही. आबाजींच्या मास्तरांचा ज्वालामुखी इथे संपला.

आता माझी पाळी. ५२ हजार हा आकडा १९९७ चा. स्फटिकात इलेक्ट्रॉन अडकत जातात, जसा कपॅसिटर हळूहळू चार्ज होतो. उल्केच्या उष्णतेने तो पूर्ण डिस्चार्ज झाला, तिथून घड्याळ सुरू. प्रयोगशाळेत खडक तापवला की साठलेलं सगळं प्रकाश होऊन बाहेर पडतं, ते मोजायचं. अडचण अशी, की हा कपॅसिटर गळका असू शकतो. इलेक्ट्रॉन निसटले तर वय कमी दिसतं. २०११ साली आघातात वितळून झालेल्या काचेतला आर्गॉन वायू मोजून वय काढलं. पोटॅशियमपासून तो ठरलेल्या गतीने तयार होतो आणि काचेतच अडकून राहतो. उत्तर आलं सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं. म्हणजे जवळजवळ अकरा पट! व्हायव्हात एवढी चूक केली असती तर बॅक ठरलेलीच. मला हाच आकडा जास्त पटतो, पण पुस्तकांत दोन्ही सापडतात.

दिवाळीच्या सुट्टीत आबाजींना हे सगळं सांगितलं. या वेळी आकडा मराठीत, न अडखळता. उल्का कायम आहे, मास्केलिनाइट काही पुसलं जात नाही, बदललं ते वय, असंही समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. पान लावलं.

"मंग त्या दिवशी फायनल काऊन म्हनला बे?"

उन्हाळ्यात दोघं पुन्हा लोणारला जाणार आहोत. ओरल्स संपल्या की.