मेकाँग नदी

मेकाँग ही आग्नेय आशियातील सर्वांत लांब नदी असून जगातील प्रमुख नद्यांमध्ये तिची गणना होते. तिबेटच्या पठारावर उगम पावून ती चीन, म्यानमार, लाओस, थायलंड, कंबोडिया व व्हिएतनाम या सहा देशांतून किंवा त्यांच्या सीमांवरून वाहते आणि दक्षिण चीन समुद्रास मिळते. तिची लांबी सुमारे ४,३५० किमी. मानली जाते, मोजणीच्या पद्धतीनुसार काही ठिकाणी ती सुमारे ४,९०० किमी. अशीही दिलेली आढळते. म्हणजे १,४६५ किमी. लांबीच्या गोदावरीच्या सुमारे तिप्पट अंतर ही नदी कापते. तिच्या खोऱ्याचे क्षेत्रफळ सुमारे ७,९५,००० चौ. किमी. असून ती दरवर्षी सरासरी ४७५ घन किमी. पाणी समुद्रात वाहून नेते.

मोसमी पावसामुळे पाण्याच्या पातळीत होणारा वार्षिक चढउतार हे या नदीचे मुख्य लक्षण होय. मासे, पाण्यात बुडणारी वने, पाणपक्षी, भातशेती आणि खालच्या खोऱ्यातील सहा कोटींहून अधिक लोकांचे जीवन या चढउताराशी बांधलेले आहे. धरणांमुळे व हवामानबदलामुळे हा चढउतार क्षीण होत असल्याने मेकाँगचे भवितव्य हा आंतरराष्ट्रीय चर्चेचा विषय बनला आहे.

नाव

थाई व लाओ भाषांत या नदीस ‘मे नाम खोंग’ म्हणतात. ‘मे’ म्हणजे आई व ‘नाम’ म्हणजे पाणी. ‘मे नाम’ या जोडशब्दाचा रूढ अर्थ नदी असा आहे. या नावाच्या संक्षेपातून ‘मेकाँग’ हे रूप प्रचारात आले. चीनमध्ये नदीस लानत्सांग, तर कंबोडियात ‘तोन्ले थोम’ म्हणजे मोठी नदी असे म्हणतात. व्हिएतनाममध्ये तिच्या मुखांकडील फाट्यांवरून तिला ‘कू लाँग’, म्हणजे नऊ ड्रॅगन, हे नाव पडले आहे.

प्रवाहमार्ग

नदीचा उगम चीनच्या छिंगहाय प्रांतात ५,००० मी.हून अधिक उंचीवर होतो. तेथून तिबेट व युनान प्रांतातून ती खोल, अरुंद दऱ्यांमधून दक्षिणेकडे वाहते. वायव्य युनानमध्ये यांगत्से, मेकाँग व साल्वीन या तीन महानद्या उंच पर्वतरांगांनी विभागलेल्या अवस्थेत एकमेकींना जवळजवळ समांतर वाहतात. हा प्रदेश २००३ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला. येथपर्यंतची मेकाँग ही हिमप्रदेशातील पर्वतीय नदी होय. तिचे उष्णकटिबंधीय रूप यापुढे दिसू लागते.

चीन सोडल्यावर नदी काही अंतर म्यानमार व लाओस यांची सीमा बनते. म्यानमार, लाओस व थायलंड यांच्या सीमा जेथे मिळतात त्या भागास ‘सुवर्ण त्रिकोण’ म्हणतात. पुढे नदी लाओसमध्ये शिरून लुआंग प्राबांग या जुन्या राजधानीजवळून जाते आणि नंतर दीर्घ अंतरापर्यंत लाओस–थायलंड सीमेवरून वाहते. लाओसची राजधानी व्हियेंतियान याच सीमेवर नदीकाठी वसलेली आहे. थायलंडमधील खोरात पठाराचे पाणी मून ही उपनदी आणते. मात्र पाण्याचा मोठा वाटा लाओसच्या डोंगराळ भागातून येणाऱ्या डाव्या तीरावरील उपनद्यांचा असतो.

दक्षिण लाओसमध्ये नदीचे पात्र अतिशय रुंद होऊन असंख्य बेटांत विभागले जाते. या भागास ‘सी फान दोन’, म्हणजे चार हजार बेटे, असे नाव आहे. त्याच्या टोकाशी खोन धबधबा आहे. त्याची उंची सुमारे २१ मी. एवढीच असली, तरी अनेक धारांचा मिळून त्याचा विस्तार सुमारे १० किमी. आहे. एर्नेस्ट दूदार द लाग्रे व फ्रान्सिस गार्निए यांच्या नेतृत्वाखालील फ्रेंच मोहिमेने १८६६ ते १८६८ या काळात चीनकडे जाणारा जलमार्ग शोधण्यासाठी या नदीचे समन्वेषण केले. खोनचा धबधबा व त्यावरील द्रुतवाह यांमुळे मोठ्या जहाजांना हा मार्ग उपयोगाचा नाही, हे त्या मोहिमेतून स्पष्ट झाले.

कंबोडियात सेकाँग, सेसान व स्रेपोक या नद्यांचा एकत्रित प्रवाह मेकाँगला मिळतो. राजधानी पनॉम पेन्हजवळ मेकाँगचा वरचा प्रवाह, तिचा खालचा प्रवाह, तोन्ले साप नदी आणि बासाक हा फाटा असे चार प्रवाह एकत्र दिसतात. या स्थानाचे ‘चाक्तोमुक’ हे नाव संस्कृत ‘चतुर्मुख’ या शब्दापासून आलेले आहे. येथून पुढे त्रिभुज प्रदेश सुरू होतो.

हवामान व पूरचक्र

खालच्या खोऱ्यात साधारणपणे मे ते ऑक्टोबर या काळात नैर्ऋत्य मोसमी वारे पाऊस आणतात. जूनपासून नदी चढू लागते, ऑगस्ट–सप्टेंबरच्या सुमारास पूर कळसास पोहोचतो आणि मार्च–एप्रिलमध्ये पाणी सर्वांत कमी असते.

चीनमधील वरच्या खोऱ्यातून नदीच्या एकूण पाण्यापैकी सुमारे एक षष्ठांश पाणी येते. परंतु धरणे होण्यापूर्वी नदीतील गाळाचा जवळपास निम्मा भाग याच प्रदेशातून येत असे. त्या काळी नदी दरवर्षी अंदाजे १६ कोटी टन गाळ वाहून नेत असे. म्हणूनच वरच्या खोऱ्यातील धरणांचा परिणाम पाण्याच्या प्रमाणापेक्षा गाळाच्या प्रमाणावर अधिक झाला आहे.

पूर म्हणजे आपत्ती असा सर्वसाधारण समज असतो. मेकाँगच्या खोऱ्यात अतिपुराने हानी होतेच. परंतु नियमित येणारा मध्यम पूर हा तेथील लोकजीवनाचा आधार आहे. पूर शेतात नवा गाळ पसरवतो, जमिनीतील क्षार धुऊन काढतो आणि माशांसाठी विस्तीर्ण चराऊ क्षेत्र खुले करतो.

तोन्ले साप सरोवर

या पूरचक्राचा सर्वांत विलक्षण आविष्कार कंबोडियातील तोन्ले साप सरोवरात दिसतो. कोरड्या ऋतूत हे सरोवर सुमारे २,५०० चौ. किमी. क्षेत्राचे आणि जेमतेम १ मी. खोलीचे असते. त्याचे पाणी त्याच नावाच्या नदीतून पनॉम पेन्हकडे वाहत येऊन मेकाँगला मिळते. या नदीचा उतार अत्यल्प आहे. पावसाळ्यात मेकाँगची पातळी सरोवराच्या पातळीपेक्षा उंच झाली की तिचे पाणी तोन्ले साप नदीत मागे रेटले जाते व ती नदी उलट्या दिशेने, सरोवराकडे वाहू लागते. सरोवराचे क्षेत्र तेव्हा १५,००० चौ. किमी.पर्यंत वाढते आणि खोली ९ ते १० मी. होते.

पूर ओसरू लागला की नदीचा प्रवाह पुन्हा सरळ होतो. हा दिशाबदल कंबोडियात नोव्हेंबरच्या सुमारास ‘बोन ओम तूक’ या जलोत्सवाने साजरा केला जातो. त्यात लांब नौकांच्या शर्यती होतात. अशा रीतीने हे सरोवर दुहेरी काम करते. पुराच्या वेळी ते जादा पाणी सामावून घेऊन त्रिभुज प्रदेशाचा पूर सौम्य करते आणि कोरड्या ऋतूत ते पाणी सोडून समुद्राच्या खाऱ्या पाण्यास आत शिरण्यापासून रोखते.

सरोवराभोवतीची वने वर्षातील काही महिने पाण्याखाली राहतात. मासे या बुडालेल्या झाडाझुडपांत शिरतात. कुजणारा पाला, कीटक व फळे यांवर त्यांचे पोषण होते आणि फांद्यांच्या आडोशात पिल्ले वाढतात. पाणी उतरले की पुष्ट झालेले मासे थव्याथव्यांनी नदीकडे परततात. याच वेळी तोन्ले साप नदीत मोठ्या पिशवीसारखी जाळी ओळीने बांधून मासेमारी केली जाते. युनेस्कोने १९९७ मध्ये या सरोवरास जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा दिला.

जीवसृष्टी

मासे : मेकाँगमध्ये आठशेहून अधिक जातींचे मासे आढळतात. जातींच्या विविधतेत ॲमेझॉन व काँगो या नद्यांबरोबर तिचे नाव घेतले जाते. नदीतील अनेक मासे स्थलांतर करणारे आहेत. कोरड्या ऋतूत ते पात्रातील खोल डोहांत आश्रय घेतात. यांपैकी काही डोह ५० मी.हून अधिक खोल आहेत. पाणी चढू लागताच ते अंडी घालण्यासाठी निघतात. पिल्ले प्रवाहाबरोबर वाहत जाऊन पूरमैदानात पसरतात. डोह, विणीच्या जागा आणि पूरमैदाने यांना जोडणारा मोकळा प्रवाह नसेल, तर हे जीवनचक्र खंडित होते.

प्रचंड आकाराचे मासे हे या नदीचे वैशिष्ट्य आहे. मेकाँग महामार्जारमीन हा प्रौढावस्थेत दात नसलेला, मुख्यतः शैवालावर जगणारा मासा सुमारे ३ मी. लांब होतो. २००५ मध्ये उत्तर थायलंडमध्ये २९३ किग्रॅ. वजनाचा एक मासा सापडला होता. आज ही जात नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आहे. जून २०२२ मध्ये कंबोडियातील स्तुंग त्रेंग प्रांतात मच्छीमारांना ३०० किग्रॅ. वजनाचा गोड्या पाण्यातील पाकट सापडला. गोड्या पाण्यातील माशांपैकी नोंदविलेला हा सर्वांत वजनदार मासा मानला जातो. त्याच्या अंगावर मागोवा घेणारे यंत्र बसवून त्यास पुन्हा नदीत सोडण्यात आले. कार्प माशांच्या कुळातील सर्वांत मोठी जात, सयामी महाकार्प, हा कंबोडियाचा राष्ट्रीय मासा आहे.

सस्तन प्राणी : कंबोडियातील क्रातिएपासून खोन धबधब्यापर्यंतच्या सुमारे १९० किमी. पट्ट्यात इरावती डॉल्फिन राहतात. याच जातीचे डॉल्फिन भारतात ओडिशातील चिलिका सरोवरात आढळतात. मेकाँगमधील डॉल्फिनांची संख्या १९९७ मध्ये सुमारे २०० होती, ती २०२० च्या गणनेत ८९ एवढी आढळली. मासेमारीच्या उभ्या जाळ्यांत अडकून गुदमरणे हे त्यांच्या मृत्यूचे प्रमुख कारण आहे. लाओसच्या हद्दीतील डोहात उरलेला शेवटचा डॉल्फिन २०२२ मध्ये मरण पावला. तोन्ले सापच्या पूरवनांत केसाळ नाकाचे दुर्मिळ पाणमांजर आढळते.

सरपटणारे प्राणी : कँटरचे महाकाय मऊ पाठीचे कासव कंबोडियातून नाहीसे झाले असे समजले जात होते, २००७ मध्ये ते मेकाँगच्या वालुकामय किनाऱ्यांवर पुन्हा आढळले. सयामी मगर ही अत्यंत संकटग्रस्त असून कंबोडिया व लाओसमधील काही दुर्गम जलाशयांत व उपनद्यांत थोड्या संख्येने टिकून आहे.

पक्षी : तोन्ले सापच्या वायव्येस असलेल्या प्रेक तोआल येथे पूरवनातील झाडांवर झोळीवाले, चित्रबलाक, पाणकावळे, तिरंदाज इत्यादी पाणपक्ष्यांच्या मोठ्या वसाहती आहेत. सरोवराभोवतीच्या गवताळ पूरमैदानांत बंगाली तणमोर विणीसाठी येतो. महाराष्ट्रात गोंदिया परिसरात दिसणाऱ्या सारस पक्ष्याची पूर्वेकडील उपजाती मेकाँगच्या खोऱ्यात आढळते. तिचीही संख्या घटत आहे. मेकाँग धोबी या पक्ष्याचे वर्णन शास्त्रज्ञांनी २००१ मध्ये प्रथम केले.

त्रिभुज प्रदेश व लोकजीवन

व्हिएतनाममधील त्रिभुज प्रदेश सुमारे ४०,००० चौ. किमी. क्षेत्राचा असून गेल्या काही हजार वर्षांत नदीच्या गाळाने तो घडविला आहे. त्याची समुद्रसपाटीपासूनची सरासरी उंची १ मी.हूनही कमी आहे. देशातील तांदळाचे निम्म्याहून अधिक उत्पादन येथे होते. किनाऱ्यालगत खारफुटीची वने व कोळंबीची शेती आढळते. कालव्यांच्या दाट जाळ्यामुळे नौका हे येथील वाहतुकीचे मोठे साधन आहे; काही ठिकाणी बाजारही नौकांवर भरतात.

खालच्या मेकाँग खोऱ्यातील मासेमारी ही अंतर्गत जलाशयांतील जगातील सर्वांत मोठी मासेमारी मानली जाते. वार्षिक उत्पादन सुमारे २० लाख टन आहे. कंबोडियातील ग्रामीण लोकांच्या आहारात प्रथिनांचा मुख्य पुरवठा माशांतूनच होतो. हंगामात पकडलेले लहान मासे मीठ लावून आंबवतात व ‘प्राहोक’ या नावाने वर्षभर वापरतात.

नदीकाठची प्राचीन संस्कृती भारतीय धर्मपरंपरांशी निगडित आहे. दक्षिण लाओसमधील चंपासाक येथे नदीजवळच्या डोंगरउतारावर ‘वाट फू’ हे ख्मेरकालीन शिवमंदिर असून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने त्याच्या जतनकार्यात भाग घेतला आहे. भारत व खालच्या मेकाँग खोऱ्याशी संबंधित पाच देश यांनी २००० मध्ये व्हियेंतियान येथे ‘मेकाँग–गंगा सहकार्य’ हा उपक्रम स्थापन केला.

धरणे व पर्यावरणीय प्रश्न

मुख्य प्रवाहावरील पहिले मोठे धरण, मानवान, चीनने १९९० च्या दशकात पूर्ण केले. त्यानंतर तेथे धरणांची मालिकाच उभी राहिली. त्यांपैकी श्याओवान धरणाची उंची सुमारे २९२ मी. आहे. खालच्या खोऱ्यात लाओसचे सायाबुरी धरण २०१९ मध्ये व दोन साहोंग धरण २०२० मध्ये कार्यान्वित झाले. दोन साहोंग हे खोन धबधब्याजवळच्या अशा फाट्यावर बांधलेले आहे, ज्यातून कोरड्या ऋतूतही मासे वर जाऊ शकत असत. उपनद्यांवरील धरणांची संख्या याहून कितीतरी अधिक आहे.

जलविद्युत धरणे पावसाळ्यात पाणी साठवतात व कोरड्या ऋतूत सोडतात. त्यामुळे पूर लहान होतो आणि उन्हाळी प्रवाह वाढतो. वीजनिर्मिती, उन्हाळी जलवाहतूक व सिंचन यांच्या दृष्टीने हे लाभदायक आहे. परंतु पूर लहान झाला की तोन्ले साप नदीचा उलटा प्रवाह उशिरा सुरू होतो, सरोवर कमी पसरते आणि माशांच्या वाढीचा काळ घटतो. २०१९ मध्ये पाऊस लांबल्याने व धरणांतील साठवणुकीमुळे जुलैमध्ये नदीची पातळी अनेक ठिकाणी विक्रमी नीचांकास गेली. त्याच वर्षाच्या अखेरीस थायलंड–लाओस सीमेवर एरवी गढूळ असणारे पाणी गाळाअभावी निळसर दिसू लागले. गाळ नसलेले पाणी काठ व तळ अधिक वेगाने खरवडते.

त्रिभुज प्रदेशावर याचा ताण एकवटला आहे. वरून येणारा गाळ धरणांत अडकतो, उरलेली वाळू बांधकामासाठी उपसली जाते, भूजलाच्या उपशाने जमीन खचते आणि समुद्राची पातळी वाढत आहे. २०१६ व २०२० या वर्षांच्या कोरड्या ऋतूंत खारे पाणी नद्यांतून दूरवर आत शिरून भातपिकाचे मोठे नुकसान झाले.

सहकार्य व संरक्षण

कंबोडिया, लाओस, थायलंड व व्हिएतनाम यांनी ५ एप्रिल १९९५ रोजी केलेल्या कराराने मेकाँग नदी आयोग स्थापन झाला. चीन व म्यानमार हे त्याचे सदस्य नसून संवादातील भागीदार आहेत. मुख्य प्रवाहावर प्रकल्प उभारण्यापूर्वी सदस्य देशाने इतरांशी विचारविनिमय करणे आवश्यक आहे. मात्र प्रकल्प रोखण्याचा अधिकार कोणासही नाही. चीनने २०१६ मध्ये सहाही देशांचा समावेश असलेली स्वतंत्र सहकार्य यंत्रणा सुरू केली आणि २०२० मध्ये नदीच्या पाण्याची माहिती वर्षभर देण्याचे मान्य केले. पूर्वी ही माहिती केवळ पूरकाळापुरती दिली जात असे.

मुख्य प्रवाहावर दहा वर्षे नवे धरण न बांधण्याचा निर्णय कंबोडियाने २०२० मध्ये जाहीर केला. डॉल्फिनांच्या पट्ट्यात उभ्या जाळ्यांवर बंदी असून नदीरक्षक गस्त घालतात. महामार्जारमीन व सयामी मगर यांची बंदिस्त पैदासही केली जाते. तथापि पूरचक्रावर जगणाऱ्या जातींसाठी असे स्थानिक उपाय अपुरे ठरतात. नदीची वार्षिक चढउतरण टिकविणारे धरणांचे संचालन सहाही देशांच्या संमतीने ठरल्याशिवाय त्यांचे दीर्घकालीन संरक्षण शक्य होणार नाही.