रात्री पावणेदहाचा सूर्यास्त

अमेरिकेच्या मिशिगन राज्यात, सुपिरियर सरोवराच्या काठी मार्केट नावाचं छोटं शहर आहे. जूनअखेर तिथं सूर्य मावळतो रात्री सुमारे पावणेदहाला! एक कारण अक्षांशाचं, शहर ४६.५ अंश उत्तरेला, म्हणून उन्हाळी दिवसच लांब. दुसरं घड्याळाचं. ते चालतं ७५ अंश पश्चिम रेखांशावर, शहर मात्र ८७ अंशांपलीकडे. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे पन्नासेक मिनिटं; त्यात उन्हाळ्यात पुढे केलेला एक तास.

मला खरी मौज वाटते ती पुढच्या संधिप्रकाशाची. सूर्य क्षितिजाखाली १८ अंश गेला की पुरता काळोख होतो. इथं तो तिरका, रेंगाळत उतरतो. त्यामुळे आकाशगंगा नीट बघायची तर मध्यरात्र उलटून अर्धा तास होईपर्यंत थांबावं लागतं.