खोकला व श्वासनलिकादाह : ओळख आणि उपाय

हिवाळा लागला कीं आपल्या नांदूरघाटच्या परिसरांत घरोघर खोकल्याचा आवाज ऐकूं येऊं लागतो. पहाटेचा गारठा, चुलीचा धूर व मळणीयंत्रांतून उडणारा तुरीचा आणि पुढें ज्वारीचा भुसा हीं सर्व मिळून छातीवर येतात. ‘थंडीचा खोकला आहे, जाईल आपोआप,’ असें आपण म्हणतों. पुष्कळदां तो जातोही. परंतु जो जात नाहीं, तो वेळीं ओळखतां यावा म्हणून पुढील माहिती वाचक बंधूंपुढें ठेवीत आहें.

रोगाचें स्वरूप.— घशाखालीं उतरलेली श्वासनलिका छातींत दुभागते व तिच्या बारीक शाखा फुप्फुसांत पसरतात. या नळ्यांच्या आंतील अस्तरास सूज आली म्हणजे त्यास श्वासनलिकादाह किंवा ब्राँकायटिस म्हणतात. सुजेनें वाट अरुंद होते, कफ सुटतो आणि तो बाहेर टाकण्यासाठीं खोकला येतो.

नवा दाह.— हा बहुधा पडशाच्या विषाणूंपासून होतो. आधीं सर्दी, मग खोकला, बारीक ताप व छातींत जळजळ, असा त्याचा क्रम असतो. ताप थोड्या दिवसांत उतरतो. खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो. कफ पिवळा दिसला म्हणून प्रतिजैविक गोळ्या किंवा सुई हवीच असें नाहीं. विषाणूंवर त्यांचा उपयोग होत नाहीं. विश्रांति घ्यावी, कोमट पाणी वरचेवर प्यावें, मिठाच्या पाण्यानें गुळण्या कराव्या. मध चाटल्यानें आराम पडतो. मात्र एक वर्षाखालील मुलास मध देऊं नये.

जुना दाह.— लागोपाठ दोन वर्षें, वर्षांतून तीन महिने कफासह खोकला राहिला, तर तो जुना दाह समजावा. बिडी, धूर व धूळ हीं त्याचीं मुख्य कारणें होत. आमच्या मातोश्रींनीं बिडीस कधीं हात लावला नाहीं. पण पऱ्हाट्या, तुराट्या व गोवऱ्यांच्या धुरापुढें त्यांचीं चाळीस वर्षें गेलीं. दर हिवाळ्यांत त्यांस खोकला व धाप लागे, आणि आम्ही तें वार्धक्य समजलों. महसूल खात्यांत असतांना गांवच्या बांधांच्या नोंदी मीं तारीखवार ठेविल्या. परंतु आईचा खोकला केव्हांपासूनचा, हें डॉक्टरांनीं विचारलें तेव्हां मला सांगतां आलें नाहीं. नळ्या कायमच्या अरुंद झाल्या होत्या. ओढून घ्यावयाच्या औषधानें धाप कमी झाली, गेलेलें बळ परत आलें नाहीं. अशा औषधाची ‘संवय लागते’ ही समजूत चुकीची आहे.

प्रतिबंध.— बिडी सोडावी. केंद्र सरकारची उज्ज्वला योजना २०१६ सालीं सुरू झाल्यापासून पुष्कळ घरीं गॅस आला. तरी आंघोळीचें पाणी चुलीवरच तापतें. ती चूल घराबाहेर मांडावी. मळणीच्या वेळीं वारा पाठीवर घेऊन उभें राहावें व नाकातोंडावर घट्ट बसणारा मास्क लावावा. उपरण्यानें बारीक धूळ अडत नाहीं.

दवाखान्यांत केव्हां जावें.— धाप लागणें, कफांत रक्त येणें, ओठ निळसर होणें, छातींत दुखणें, ताप तीन दिवसांत न उतरणें, यांपैकीं एकही लक्षण दिसल्यास विलंब करूं नये. मूल शांत असतांना त्याचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजावे. दोन महिन्यांखालील मुलाचे ६०, वर्षाखालील मुलाचे ५० व पांच वर्षांखालील मुलाचे ४० किंवा अधिक भरले, अथवा बरगड्यांखालचा भाग आंत ओढला जाऊं लागला, तर त्याच क्षणीं निघावें.

दोन आठवड्यांहून अधिक टिकलेल्या खोकल्यांत क्षयाची शंका घेऊन थुंकी तपासून घ्यावी; सरकारी दवाखान्यांत ही तपासणी व क्षयाचें औषध विनामूल्य मिळतें. आपल्या जिल्ह्यांतून ऊसतोडणीस पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जाणाऱ्या मंडळींचा फड बदलतो, तसा दवाखानाही बदलतो, आणि खोकल्याचा आरंभ कोणाच्याच ध्यानांत राहत नाहीं.

म्हणून एवढेंच करावें : घरांत कोणास खोकला लागला कीं त्या दिवसाची तारीख भिंतीवरील दिनदर्शिकेवर, प्रवासांत असल्यास खिशांतील कागदावर लिहावी, आणि पंधरावा दिवस उजाडला तर वाट न पाहतां दवाखाना गांठावा.