न घालता झिजलेला जोडा

एका लग्नाच्या वेळची गोष्ट. तीन वर्षांपूर्वी घेतलेला जोडा आम्ही माळ्यावरच्या पेटीत जपून ठेवला होता. मुहूर्ताच्या दिवशी तो पायांत घालून अंगणात चार पावले टाकली नाहीत, तोच त्याच्या तळाचे तुकडे पडू लागले. वरचे कातडे जसेच्या तसे. तळाचा मात्र भुगा. दुकानदाराने फसवले, असे घरात सर्वांचे मत पडले. पण जो जोडा वापरलाच नाही तो झिजला कसा, हा प्रश्न त्या मताने सुटत नव्हता.

हा तळ झाडाच्या चिकापासून केलेल्या रबराचा नव्हता. तो पॉलियुरेथेन नावाच्या कृत्रिम द्रव्याचा होता. 1937 साली जर्मनीत ओटो बायर व त्यांचे सहकारी यांनी या द्रव्याचा पाया घातला. आयसोसायनेट आणि पॉलिऑल ही दोन द्रव्ये एकत्र आली, की त्यांचे रेणू एकमेकांत गुंतून लांब साखळ्या होतात. गाद्यांचा फोम, कारखान्यांतले रूळ व चाके, जोड्यांचे तळ, ही सारी त्याचीच भावंडे.

ज्या गावाच्या नावातच रेल्वे आहे, तेथे ही साखळी समजावण्यास मालगाडीहून चांगला दाखला नाही. साखळीत काही डबे ताठ असतात, काही मऊ. शेजारशेजारच्या गाड्यांचे ताठ डबे एकमेकांना बिलगून बसतात. त्यामुळे पदार्थाला बळकटी येते. मऊ डबे मोकळे असतात. ते ताणतात आणि पुन्हा आखडतात. डब्यांना जोडणारे जे सांधे, ते युरेथेनचे बंध होत.

आता या गाडीला उष्णता देऊ. प्रथम ताठ डब्यांची मिठी सैल होते आणि पदार्थ मऊ पडतो. निवला, की बहुधा तो पूर्ववत होतो. पुढे साधारण 100 ते 130 अंश सेल्सिअसच्या सुमारास, गाड्यांना आडवे बांधणारे काही नाजूक बंध तुटतात. सुमारे 200 अंशांवर मुख्य सांधेच सुटू लागतात, आणि ज्या दोन द्रव्यांपासून ते झाले होते, ती द्रव्ये पुन्हा वेगळी होतात. म्हणूनच अशा सामान्य वस्तू दीर्घकाळ वापरावयाच्या असतील, तर त्या 80 ते 100 अंशांच्या आत ठेवाव्यात, असा दंडक आहे.

येथे कोणीही विचारील, की आमच्या वऱ्हाडात मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो हे खरे, पण 200 अंश कोठून आले? शंका रास्त आहे. केवळ उन्हाने तळाचे सांधे सुटत नाहीत. येथे खरा चोर पाणी आहे, आणि उष्णता त्याची साथीदार आहे.

जोड्यांच्या तळांत बहुधा पॉलिएस्टर जातीचे मऊ डबे असतात. तेलाला व घासण्याला ते चांगले टिकतात, पण हवेतील ओल त्यांच्या सांध्यांत शिरून ते एकेक करून तोडते. शिवाय प्रत्येक सांधा तुटताना थोडे आम्ल निर्माण होते, आणि ते पुढची मोडतोड वेगाने करविते. रसायनशास्त्राचा ढोबळ हिशेब असा, की उष्णतामान 10 अंशांनी वाढले, की अशा क्रियांचा वेग सुमारे दुप्पट होतो. म्हणजे 25 अंशांवर जे काम चार वर्षांत व्हावे, ते 45 अंशांवर एका वर्षात उरकेल. आमचा माळा पत्र्याखाली होता. उन्हाळ्यात तेथे भट्टी, आणि पावसाळ्यात कोंदट ओल! पॉलिईथर जातीचे रबर पाण्याला पुष्कळ दाद देत नाही. पण उष्णता व प्रकाश असला, की हवेतील प्राणवायू त्याला कुरतडतो.

लोहमार्गाचे पोलाद उन्हात लांबते आणि रात्री पुन्हा आखडते. रबराचे तसे नाही. तुटलेला सांधा थंडीत आपोआप जुळत नाही. दर उन्हाळ्याची हानी मागच्या हानीवर साचत जाते. म्हणून जोडा पत्र्याखाली कोंडून ठेवू नये. थंड, कोरड्या, हवेशीर जागी ठेवावा. मोलमजुरी करणाऱ्याने जाड तळाचा जोडा फार दिवसांनी काढला, तर कामावर जाण्यापूर्वी तो वाकवून पाहावा. शिडीवर तळ सुटला, तर प्रश्न जोड्याचा राहत नाही.

याहून मोठी गोष्ट शेवटी सांगतो. असले तळ व गाद्यांचे तुकडे शेकोटीत किंवा चुलीत कधीही टाकू नयेत. आगीत हीच मोडतोड क्षणांत होते. धुरात श्वसनमार्ग जाळणारी आयसोसायनेटची वाफ असते; कार्बन मोनॉक्साइड असतो, आणि हायड्रोजन सायनाइड हे जहालही. फोमच्या गाद्या साठविलेल्या खोलीत आग लागली, तर ज्वाला पोचण्यापूर्वीच धूर माणसाला बेशुद्ध करू शकतो. तेथे सामान वाचविण्यात वेळ न दवडता, खाली वाकून प्रथम बाहेर पडावे.

आम्ही आमचा भुगा झालेला तळ जाळला नाही. कचऱ्याच्या गाडीत दिला. आणि दुकानदारावरचा रागही त्याबरोबर बराचसा गेला.