आमची शंभर सीसी

मोहोळच्या चौकात बुलेटवाले आमच्या शंभर सीसीच्या गाडीला हसतात. 'वकीलसाहेब, पायडल मारा की!' हसोत बापडे! 1972 साली 50 सीसीची लुना आली, 1985 साली 97 सीसीची हिरो होंडा सीडी हंड्रेड. पेट्रोलचे पैसे मोजून टाकणारा मास्तर, कारकून, कार्यकर्ता त्यांच्यामुळे गाडीवर बसला. वाड्यावस्त्यांवरच्या बैठका आणि जयंतीची पत्रके आम्ही अशाच गाड्यांवरून पोचवली. आणि कायद्याचेच बोलायचे, तर 1988 च्या मोटार वाहन कायद्यातील मोटारसायकलची व्याख्या चाके मोजते, सीसी नव्हे. कलम 129 ची हेल्मेटसक्तीही सर्वांना सारखीच. साडेतीनशेवाल्याचे डोके तिथे वेगळे धरलेले नाही. पुढच्या तारखेलाही आम्ही याच गाडीवर येऊ, मागे पक्षकाराला बसवून.