टॉवर, मोबाईल आणि ती ‘रेडिएशनची चिप’



गेल्या दोन-तीन महिन्यांत ग्रामसंघाच्या कुठल्याही बैठकीला गेले, की हप्ते, व्याज, इतिवृत्त सगळं आटोपल्यावर कोणीतरी हळूच विचारतंच, “मॅडम, ते रेडिएशनचं खरं आहे का हो?” गिरणाकाठच्या गावांत विचारलं, उमराणे पट्ट्यात विचारलं. कुणाचा प्रश्न शाळेजवळच्या टॉवरचा, कुणाचा गरोदर सुनेच्या मोबाईलचा, आणि हल्ली सगळ्यात जास्त त्या चिपचा. मोबाईलच्या पाठीला चिकटवायची, नाण्याएवढी, सोनेरी नाहीतर काळी. एका गटात दोघी-तिघींनी ती आठशे रुपयांना घेतली. दुसऱ्या गटात एका ताईंनी ती चिप गावोगाव विकायला अंतर्गत कर्ज मागितलं. गटाने कर्ज नाकारलं ते बरंच केलं, पण का नाकारलं हे त्या ताईंना कोणाला धड सांगता आलं नाही. त्या अजून नाराज आहेत. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी शब्दाचं बघू. रेडिएशन म्हटलं की आपल्याला एकदम क्ष-किरण, अणुबॉम्ब, कॅन्सर आठवतो. पण चुलीपुढे बसल्यावर तोंडाला लागते ती धग पण रेडिएशनच. ऊन पण, कंदिलाचा उजेड पण. फरक आहे तो एकेका कणाच्या ताकदीचा. झाडावरची कैरी पाडायला एक दगड पुरतो. कापसाचे हजार बोळे मारले तरी कैरी जागची हलत नाही. क्ष-किरण हे दगड आहेत, शरीरातल्या पेशींचे आतले धागे तोडू शकतात. म्हणून तर गरोदर बाईचा एक्स-रे काढायचा असेल तर डॉक्टर दहा वेळा विचार करतात. मोबाईलच्या आणि टॉवरच्या लहरी म्हणजे कापसाचे बोळे. उजेडापेक्षासुद्धा त्या कितीतरी नरम असतात.

मग त्या काहीच करत नाहीत का? करतात. खूप जोराच्या असल्या तर त्या वस्तू तापवतात, मायक्रोवेव्ह भट्टी त्याच्यावरच चालते. म्हणूनच सरकार मर्यादा घालतं. आपल्या देशाने १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहावा हिस्सा केली. ९०० मेगाहर्ट्झच्या लहरींना तेव्हा ठरलेला आकडा होता चौरस मीटरला ०.४५ वॅट. आता तुलना करा: एप्रिल-मे महिन्यात भर दुपारी तुम्ही कांदा काढता, तेव्हा तेवढ्याच जागेवर साधारण १००० वॅट ऊन पडतं. टॉवरने कोणी तापत नाही, तापतो ते उन्हाने.

आणखी एक गंमत. टॉवरच्या अगदी बुडाशी घर असलेल्यांना सगळ्यात जास्त भीती वाटते. पण टॉवरवरचे अँटेना बॅटरीच्या झोतासारखे लांब, आडवे फेकतात. खाली फार थोडं येतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तसंच. उलट मोबाईल मात्र आपल्या कानाला चिकटलेला असतो, आणि रेंज कमी असली की तो टॉवरपर्यंत पोहोचायला जास्त जोर लावतो. डोंगराकडच्या वस्तीवर एका काडीच्या रेंजमध्ये अर्धा तास बोलणाऱ्या बाईला, टॉवरशेजारी राहणाऱ्या बाईपेक्षा मोबाईलच्या लहरी जास्त लागतात. “टॉवर हटवा” म्हणणाऱ्यांच्या हे ध्यानातच येत नाही.

आता कॅन्सर. भीतीचं मूळ इथेच आहे, आणि ते अगदीच हवेतलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०११ साली मोबाईलच्या लहरींना ‘२ ब’ गटात टाकलं. त्याचा अर्थ, कॅन्सरशी संबंध असू शकतो, पण पुरावा तोकडा आहे. त्या बातमीवर आजही व्हॉट्सअॅप चालतं. त्यानंतर अभ्यास होत राहिले. २०२४ मध्ये त्याच आरोग्य संघटनेने करवून घेतलेला मोठा आढावा आला, त्यात ६३ अभ्यास तपासले. मोबाईल वापरणं आणि मेंदूचा कॅन्सर यांचा संबंध दिसला नाही. ही दुसरी बातमी मात्र आपल्याकडे कोणी फॉरवर्ड केली नाही.

त्याच संस्थेच्या यादीत पहिला गट आहे, तिथे ‘असू शकतो’ वगैरे भाषा नाही, कॅन्सर होतो असं स्पष्ट म्हटलंय. त्या गटात तंबाखू आहे, सुपारी आहे. म्हणजे आपली मिशरी आली, कारण मिशरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. आणि घरात लाकूडफाटा जाळून होणारा धूर ‘२ अ’ गटात आहे, मोबाईलच्या एक पायरी वर. मोबाईलला चिप चिकटवून, धुराच्या चुलीपुढे बसून मिशरी लावणाऱ्या एक आजी मला भेटल्या. मी त्यांना म्हटलं, “आजी, ती चिप मिशरीच्या डबीला चिकटवा!” आजी हसल्या, पण डबी काही सोडली नाही.

चिपकडे येऊ. विकणारा काय करून दाखवतो? तुम्हाला एक हात आडवा ताठ धरायला लावतो, दुसऱ्या हातात मोबाईल देतो, आणि आडवा हात खाली दाबतो. हात खाली जातो. मग मोबाईलला चिप लावतो, परत दाबतो, हात जागेवर राहतो. सगळ्या बाया “अगं बाई!” म्हणतात. यात जादू काही नाही. पहिल्यांदा तुम्ही बेसावध असता, दुसऱ्यांदा तयारीत असता. आणि किती जोराने, कुठे दाबायचं हे त्याच्या हातात असतं. त्याला म्हणावं, दहा पाकिटं कर, पाचांत चिप घाल, पाचांत साधा पुठ्ठा. कुठल्यात काय हे तुलाही माहीत नको. मग दाबून दाखव.

दुसरी तपासणी घरच्या घरी होते. मोबाईल अॅल्युमिनियमच्या फॉईलमध्ये दोन-तीन घड्या घालून नीट गुंडाळा आणि दुसऱ्या मोबाईलवरून फोन लावा. बहुतेक वेळा लागत नाही, कारण धातूने लहरी खरोखर अडवल्या. आता चिप लावलेल्या मोबाईलला फोन करा. खणखणीत वाजतो. म्हणजे लहरी पहिल्यासारख्याच येतात-जातात, चिपने काही अडवलेलं नाही. आणि समजा एखाद्या कव्हरने थोड्या अडवल्याच, तर मोबाईल कमी रेंज समजून उलट जास्त जोर लावेल. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने लोकांना नेमका हाच इशारा दिलेला आहे.

फसवणूक फक्त खेड्यातल्या बायांची होते असं समजू नका. २०२० मध्ये इंग्लंडमध्ये ‘फाइव्ह-जीपासून संरक्षण’ म्हणून ३३९ पौंडांना, म्हणजे तीस हजार रुपयांच्या वर, एक वस्तू विकली जात होती. तपासणाऱ्यांनी उघडून पाहिलं तर आत साधा पेनड्राईव्ह. आणि गळ्यात घालायच्या पेंडंटबद्दल तर माझी हात जोडून विनंती आहे. डिसेंबर २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा प्राधिकरणाने अशा दहा वस्तूंची यादी काढली: लॉकेट, ब्रेसलेट, झोपताना डोळ्यांवर बांधायची पट्टी. त्या वस्तूंमधूनच किरणोत्सर्ग बाहेर पडत होता, तोही दगडाच्या जातीचा. कापसाला घाबरून गळ्यात दगड बांधला, तोही पैसे मोजून. वापरू नका, बाजूला ठेवा, असं त्यांनी लोकांना सांगितलं. त्यातली एक वस्तू लहान मुलांची होती.

शेणाच्या चिपबद्दलही दोघींनी विचारलं. ऑक्टोबर २०२० मध्ये राष्ट्रीय कामधेनू आयोगाच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी अशी चिप दाखवून ती रेडिएशन कमी करते असं सांगितलं होतं. चारशेहून अधिक शास्त्रज्ञांनी पत्र लिहून पुरावा मागितला. शेणाची किंमत शेतकऱ्याच्या बाईला मी काय सांगणार! डाळिंबाच्या झाडाला घाला, गोबरगॅसला घाला. मोबाईलला लावून ते वाया घालवू नका.

पण एका ताईंनी मला जे विचारलं त्याचं उत्तर देणं भाग आहे. “मॅडम, टॉवर झाल्यापासून माझं डोकं दुखतं, झोप लागत नाही. मी काय खोटं बोलते?” नाही ताई, दुखणं खरं आहे. फक्त कारण ते नसावं. २००९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गजवळ नव्या टॉवरमुळे लोकांना डोकेदुखी, पुरळ, झोप न येणं असे त्रास सुरू झाले. मोठा विरोध झाला. मग कंपनीने सांगितलं, की टॉवर गेले काही आठवडे बंदच आहे, आणि तरी त्रास चालू होता. बंद खोलीतही असे प्रयोग कितीतरी झालेत. लहरी चालू आहेत की बंद, हे ज्यांना त्रास होतो त्यांनाही ओळखता येत नाही. भीतीने माणूस खरोखर आजारी पडतो. आणि भीतीशिवायही आपल्याकडे डोकं दुखायला कारणं भरपूर आहेत. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायांना रक्तक्षय आहे, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आलंय. थकवा, चक्कर, डोकेदुखी ही त्याचीच लक्षणं. आठशे रुपये चिपवर घालवायच्या आधी हिमोग्लोबिन तपासा, प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट होतं.

गरोदर सुनांचं मला सगळ्यात जास्त लागतं. पूर्वी ग्रहण आलं की तिने भाजी चिरायची नाही, बाहेर पडायचं नाही. आता म्हणे पोटातल्या बाळाला रेडिएशन, म्हणून मोबाईल काढून घ्यायचा. दोन घरांत मी हे पाहिलं. त्यातल्या एकीला आठवा महिना होता आणि दुपारी घरात ती एकटीच. कळा सुरू झाल्या तर ती १०८ ला फोन कशाने लावणार? आशाताईला कशी बोलावणार? काळजीच वाटत असेल तर स्पीकरवर बोला, झोपताना मोबाईल उशीखाली न ठेवता लांब ठेवा. त्याला पैसे पडत नाहीत. पण मोबाईल तिच्याजवळ राहू द्या, सासूबाई.

टॉवरच्या बाबतीत दोन गोष्टी. ग्रामसभेत ठराव करून टॉवर बंद पाडू, असं काही ठिकाणी चाललंय. सांगली जिल्ह्यातल्या चिखलहोळ ग्रामपंचायतीने (आपल्या मालेगावजवळचं चिखलओहोळ नव्हे) असंच केलं होतं. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि ठराव रद्द झाला, कारण टॉवरमुळे अपाय होतो याचा शास्त्रीय आधार कोणी दाखवू शकलं नाही. अभिनेत्री जुही चावला २०२१ मध्ये फाइव्ह-जीविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, तर न्यायालयाने २० लाखांचा दंड लावला. पुढे तो २ लाखांवर आला. संशय असेल तर मोजून घ्यायची सोय आहे. दूरसंचार विभागाच्या ‘तरंग संचार’ पोर्टलवर ४००० रुपये भरून अर्ज केला की त्या जागेवर येऊन मोजणी करून देतात. पाच-सहा गटांनी वर्गणी काढली तर जड नाही. टॉवरचा पाया, जागेचा करार, जनरेटरचा आवाज आणि धूर याबद्दल मात्र ग्रामसभेत जरूर भांडा, तिथे तुमचं म्हणणं ऐकावंच लागतं.

दुसरी गोष्ट उलटी आहे. “तुमच्या शेतात टॉवर बसवतो, महिन्याला इतकं भाडं, आधी नोंदणी फी भरा,” असे फोन येतात. दूरसंचार विभाग आणि ट्राय यांनी पुन्हा पुन्हा सांगितलंय, की टॉवरसाठी आम्ही ना हरकत पत्र देत नाही आणि पैसेही घेत नाही. असा फोन आला तर एक रुपया भरू नका, भरला असेल तर लगेच १९३० ला फोन करा.

चिप घेतलेल्या ताईंनी पावती असेल तर जपून ठेवा आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. नंबर लावायला मी मदत करते. कर्ज मागणाऱ्या ताईंशी मी परत बोलले आहे. त्यांना विकता छान येतं, घरोघर जायची लाज नाही. येत्या बैठकीत त्या कांद्याच्या पावडरीचा हिशोब मांडणार आहेत, भांडवल किती, वाळवायला जागा कुणाची, पाकीट केवढ्याला. गटाने त्यांचं शांतपणे ऐकून घ्यावं.